संगणकाचे बिऱ्हाड

दिवा-पनवेल लोहमार्गावर नावडे रोड नावाचे स्थानक आहे. एका बाजूला तळोज्याचे कारखाने आणि शेजारी नावडे गाव. समजा, या गावात तुमची आत्या राहते. आगरी लग्नांत धवलारीण जे धवले गाते, ते आत्याने वीस वर्षांपूर्वी जाणत्या बायकांकडून ऐकून घरच्या संगणकावर टाइप करून ठेवले. त्यांतल्या काही बायका आज हयात नाहीत. संगणकही म्हातारा झाला आहे. सुरू होताना घरघरतो, मधेच बंद पडतो. आता घरी नवा संगणक आला आहे आणि आत्या म्हणते, "माजी गानी तवरी नव्यान टाक."

काम सोपे वाटते. पाहू या.

बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी, गाद्या, पेट्या टेम्पोत चढतात. पण मातीची चूल कोणी उचलून नेत नाही. ती त्या घराच्या जमिनीत घातलेली असते. नव्या घरी नवी घालावी लागते. संगणकात फाइली म्हणजे भांडीकुंडी आणि आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, ही चूल.

फाइल ही ० आणि १ या चिन्हांची लांबलचक माळ असते. पेनड्राइव्हवर तिची नक्कल करताना ही चिन्हे ओळीने उतरवून घेतली जातात, मूळ माळ तशीच राहते. मराठी मजकूर जागाही फार खात नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये एका खुणेला एक बाइट पुरतो. भरगच्च पानाला दोनतीन हजार बाइट धरले, तरी आत्याचे सारे धवले एका छायाचित्राच्या जागेत मावतील. अडचण येईल ती लग्नाच्या चित्रफितीची. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवता येत नाही, मग त्यावर कितीही जागा मोकळी असो!

प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी. तो बसवताना त्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणी पसरतात आणि विंडोजच्या नोंदवहीत त्यांच्या नोंदी होतात. एकच फोल्डर उचलून नेले तर बाकीचे मागेच राहते. शिवाय प्रोग्रॅममधील आज्ञा विशिष्ट यंत्रासाठी लिहिलेल्या असतात. ही अडचण आजची नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याचा शब्द ४० बिटांचा होता. त्याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र आले, त्याचा शब्द ४८ बिटांचा. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेतील आज्ञा या नव्या पाहुण्याला कळणे शक्यच नव्हते. आजही १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. पूर्वीच्या पुष्कळ मराठी प्रोग्रॅमांबरोबर एक छोटे कुलूप मिळे. ते संगणकामागे प्रिंटरच्या खोबणीत बसवल्यावाचून प्रोग्रॅम उघडत नसे. नव्या संगणकांना ती खोबणीच नसते.

असो. तुम्ही धवल्यांची फाइल नव्या संगणकात नेली आणि उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा! फाइल बिघडली का? मुळीच नाही. एक बिटही बदललेला नाही.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. १०० हा क्रमांक इंग्रजी 'डी'चा, १०१ 'ई'चा, १२१ 'वाय'चा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये युक्ती अशी केली होती की, १०० ला 'डी'ऐवजी 'क'चे चित्र काढायचे, १०१ ला 'म'चे आणि १२१ ला 'ल'चे. आत्याने 'कमल' लिहिले, संगणकाने १००, १०१, १२१ साठवले. नव्या संगणकात तो फॉन्ट नाही, म्हणून 'कमल'चे 'डीईवाय' झाले. मसाल्याचे डबे पोहोचले, पण कोणत्या डब्यात काय हे ठाऊक असलेली आजी जुन्या घरीच राहिली, असा हा प्रकार.

जुन्या संगणकातील फॉन्टची फाइल आणून बसवली की अक्षरे पुन्हा दिसतात. पहिला उपाय हाच करावा. पण आत्याच्या मोबाइलवर तो फॉन्ट नसणार, आणि 'दिवा' हा शब्द शोधायला सांगितला तर संगणकाला तो सापडणार नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. १९९१ पासूनच्या या पद्धतीत प्रत्येक अक्षराचा स्वतःचा क्रमांक असतो: 'क' २३२५, 'म' २३५०, 'ल' २३५४. फॉन्ट कोणताही असो, 'क' तो 'क'च.

क्रमांकाला क्रमांक बदलला की झाले, असे मात्र नाही. 'दिवा' लिहिताना कृतिदेवमध्ये डोळ्यांना दिसते तशी वेलांटी आधी आणि 'द' नंतर साठवला जातो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'द' आधी, वेलांटी नंतर. रफाराची गत नेमकी उलटी. 'लग्न'मधील अर्ध्या 'ग'ला जुन्या फॉन्टमध्ये निराळा क्रमांक असे. युनिकोडमध्ये तो 'ग' आणि पायमोडक्याची खूण मिळून होतो. परिवर्तक प्रोग्रॅम ही सगळी हलवाहलव करतो, पण जोडाक्षरांत अधूनमधून चुकतो. कृतिदेवचा परिवर्तक दुसऱ्या फॉन्टला चालत नाही, तेव्हा आधी फॉन्टचे नाव जुन्या संगणकावर पाहून लिहून ठेवावे.

हे सगळे होईपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका. मूळ फाइलींची एक प्रत निराळी ठेवा. मग आत्याला शेजारी बसवून बदललेले धवले मोठ्याने वाचा. वेलांटी कुठे घसरली, कुठे अक्षर गळले, ते तिच्या कानाला तुमच्या डोळ्यांआधी कळेल.