संगीत घेऊन बी.ए. करावं का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या कुंभवलीत एखाद्या तरी घरात हा प्रश्न निघतोच. "सर, पोरगी गाते छान. गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली. आता कॉलेजला संगीतच घेणार म्हणते. घेऊ द्यायचं का?" विचारणारे वडील बहुतेक वेळा एमआयडीसीत शिफ्टला जाणारे असतात. घरात त्या मुलीच्या आधी कुणी पदवीपर्यंत गेलेलं नसतं. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नसतो, तीन-चार वर्षांचा खर्च आणि पुढची रोजीरोटी पणाला लागलेली असते. "मनासारखं करू द्या" किंवा "आधी पोटाचं बघा" असं एका वाक्यात उत्तर देणं मला पटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पालक आवाजाबद्दल विचारतात, पण पदवी फक्त आवाजाची नसते. एक उदाहरण देतो. भूप आणि देशकार या दोन रागांत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. क्लासला जाणारी मुलगी दोन्ही राग गाऊन दाखवेल. विद्यापीठाच्या पेपरात मात्र तिला हे दोन राग वेगळे का, ते लिहावं लागतं. भूपाचा थाट कल्याण, वादी गंधार, वावर खालच्या अंगात, वेळ रात्रीची. देशकाराचा थाट बिलावल, वादी धैवत, जोर वरच्या अंगावर, वेळ सकाळची. मग पुढचा प्रश्न येतो: पाच स्वरांत मध्यम-निषाद नाहीतच, तर थाट कशावरून ठरवला? इथे जिचे डोळे चमकतात, तिला हा अभ्यास मानवेल. जिला "हे कशाला, मला गाऊ द्या" असं वाटतं, तिचंही काही चुकत नाही. तिला चांगला गुरू हवा, पदवी नंतर बघता येईल.

अभ्यासक्रमात वाचनही बरंच असतं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' असतो, भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपी असतात, घराण्यांचा इतिहास आणि सौंदर्यविचार असतो. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली, म्हणजे आपल्या मुलांना ती मुळातून वाचता येते. हा फायदा आपण लक्षातच घेत नाही.

आता नोकरीचं बोलू. गायक म्हणून पदवी कुणी विचारत नाही. आकाशवाणीची श्रेणी ध्वनिचाचणीवर मिळते. पदवी लागते ती शिकवण्यासाठी. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीत शिक्षक व्हायचं तर बारावीसोबत संगीतातली पदवी किंवा समकक्ष पात्रता मागतात. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते. पण जागा थोड्या निघतात, हे मुलीलाही स्पष्ट सांगावं. आणखी एक गैरसमज असा की 'विशारद म्हणजे बी.ए.च'. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही मानाची परीक्षा आहे, पण प्रत्येक भरतीत ती विद्यापीठाच्या पदवीच्या जागी चालेलच असं नाही. त्या त्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरी वाटही आहे आणि ती कमी प्रतीची नाही. भातखंडे स्वतः वकील होते. डॉ. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदवीधर. त्यांनी नंतर संगीतात डॉक्टरेट केली आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुखही झाल्या. आजही अनेक विद्यापीठं दुसऱ्या विषयातल्या पदवीधराला, त्याची तयारी ऐकून, संगीताच्या एम.ए.ला घेतात. म्हणजे बी.कॉम. करता करता विशारद पूर्ण केली तरी दार बंद होत नाही. उलट संगीतात बी.ए. करून वाणिज्याकडे वळणं अवघड जातं. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाच्या जोडीला संगीत घेण्याची सोय आहे खरी, पण त्या कॉलेजात संगीत शिकवणारं कुणी असेल तर.

आपल्याकडची खरी अडचण अंतराची आहे. मुंबई विद्यापीठ काय किंवा एसएनडीटी काय, चर्चगेट बोईसरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीत गेले तर रियाज कधी करणार? घसा बसलेला, अंग आंबलेलं. रोज ये-जा करून संगीताची पदवी घ्यावी, असं मी कुणाला सुचवणार नाही. वसतिगृह किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय होत असेल तरच. पुण्याचं ललित कला केंद्र (स्थापना १९८७) 'गुरुकुल' म्हणवतं, तिथे तर राहूनच शिकायला हवं. पुण्यातल्या राहण्याचा खर्च आधी मांडा, मग फॉर्म भरा.

एक बाजू मात्र कुणी विचारत नाही. आपल्या जिल्ह्यातला तारपा. वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं हे वाद्य. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची विद्या घरातून आलेली, कॉलेजातून नव्हे. पण तारप्याची चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं कशी बदलतात, कोणती चाल केव्हा वाजते, हे ऐकून, ध्वनिमुद्रित करून, स्वरलिपीत मांडायला संगीताचं शिक्षण घेतलेलं माणूस लागतं. ते वाडा-मोखाड्याची बोली कळणारं असलं तर किती बरं! आपल्या शाळांतून असा एखादा विद्यार्थी निघाला, तर त्याला मी नक्की म्हणेन, जा, संगीतच घे.

बाकीच्यांसाठी एक साधी चाचणी. मुलीला भूप आणि देशकार ऐकवा आणि फरक अर्ध्या पानात लिहायला सांगा. जमलं की नाही यापेक्षा तिनं ते स्वतःहून पुन्हा ऐकलं का, ते बघा. आणि विभागात एकदा जाऊन या, चालू तासाला बसू देतात का विचारा. प्रवेशासाठी बहुधा वेगळी प्रात्यक्षिक चाचणी असते. तिची तारीख निकालाची वाट बघता बघता निघून जाते, म्हणून चौकशी एप्रिलमध्येच करा.