मधला खांब गेला कुठे?

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे अजून काही लोखंडी गोल जिने तग धरून आहेत. बरेचसे गंजलेले. संडास साफ करणाऱ्यांनी पुढच्या दाराने येऊ नये, म्हणून त्यांची सोय मागे केलेली. जातीची उतरंड इतक्या उघडपणे लोखंडात ओतलेली क्वचितच पाहायला मिळते. बांधणी मात्र अगदी साधी. मधे एक खांब, प्रत्येक पायरीच्या निमुळत्या टोकाला कडं, आणि ती कडी खांबात एकावर एक ओवायची. भार खांब घेतो. सगळ्या पायऱ्यांना साचा एकच पुरतो.

आज बंगल्यात किंवा हॉटेलच्या लॉबीत जो डौलदार गोल जिना मागितला जातो, त्यात हा खांबच नसतो. इंजिनिअर त्याला ‘हेलिकल’ म्हणतात, आणि फॅब्रिकेटरचा भाव चढतो तो इथेच. कारण खांब काढला तरी त्याचं काम उरतंच. ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

लंडनजवळ ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये ते भिंतीच्या गळ्यात पडलं. इनिगो जोन्सच्या तिथल्या ‘ट्युलिप’ जिन्याचा काळ १६३५च्या सुमाराचा. दगडी पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं, पुढची कड खालच्या पायरीला टेकलेली. बघणाऱ्याला वाटतं, पायऱ्या भिंतीतून अधांतरी निघाल्या आहेत. खरं तर भिंत पायरीला मुख्यतः पिळवटू देत नाही. वजन पायरीवरून पायरीवर उतरत जमिनीपर्यंत पोचतं.

आणि भिंतही नसेल तर? अमेरिकेत सांता फे इथल्या लोरेटो चॅपेलमधला लाकडी जिना १८७७ ते १८८१ या काळातला. ३३ पायऱ्या, दोन पूर्ण वेढे, सुमारे ६ मीटर उंची, आणि खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. नन्सनी नऊ दिवस प्रार्थना केली, एक अनोळखी सुतार आला, काम करून पैसे न घेताच निघून गेला, तो संत जोसेफच होता, अशी आख्यायिका. मठाच्या १८८१च्या वहीत मात्र रोशा नावाच्या माणसाला लाकडापोटी १५० डॉलर दिल्याची नोंद आहे. संतांना लाकूड विकत घ्यावं लागत नसावं! चमत्काराची उकल जिन्याच्या पोटात आहे. पायऱ्यांना कडेने धरणारी आतली लाकडी पट्टी इतक्या आवळ वेढ्यात फिरते की तीच जवळजवळ खांब होते. शिवाय एक लोखंडी पट्टी जिन्याला शेजारच्या खांबाशी धरून ठेवते. कठडा आला तो १८८७मध्ये; तोवर उतरणाऱ्यांनी काय केलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आजच्या गिऱ्हाइकाला मधे ऐसपैस मोकळी जागा हवी असते, त्यामुळे रोशाची युक्ती चालत नाही. सगळं ओझं वरच्या आणि खालच्या टोकांवर जातं. जिना वाकतो, दाबला जातो आणि शिवाय पिळतो, हे सारं एकाच वेळी. हा हिशेब हाताने करणं इतकं किचकट, की १९६६मध्ये सांतथादापोर्न आणि क्युसेन्स यांनी त्यासाठी तयार तक्ते दिले. आता संगणक आहे. तरी टोकाचा बीम किंचित फिरला तर कागदावरचं उत्तर कागदावरच राहतं.

एक उदाहरण घेऊ. चढायची उंची ३.१५ मीटर, म्हणजे १७५ मिलिमीटरचे १८ चढ आणि मधे १७ पायऱ्या. जिना पाऊण वेढा घेतो. आतली त्रिज्या ४५ सेंटिमीटर, बाहेरची दीड मीटर. मधोमध चालणाऱ्याला सुमारे २७० मिलिमीटरची पायरी मिळते. दोन चढ आणि एक पायरी मिळून ६२० मिलिमीटर. पावलाला सुखाचं माप. पण त्याच पायरीची रुंदी आतल्या कडेला १२५ आणि बाहेरच्या कडेला ४१६! आतला कठडा सुमारे ५४ अंशांत चढतो, बाहेरचा जेमतेम २३ अंशांत. दोन्हींचा बाक वेगळा, पीळ वेगळा.

म्हणून पोलादी जिना आधी कारखान्यात अख्खा उभा करून पाहतात आणि मग दारातून जातील एवढे तुकडे करतात. साइटवर तुकडे टेकूंवर बसवून ओळंब्यात आणायचे आणि वेल्डिंग थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत न्यायचं. एकाच बाजूने झपाझप केलं तर तापून गार होताना पट्टी ओढली जाते. वरचं टोक पक्कं होईपर्यंत टेकूला हात लावायचा नाही. एवढं करूनही जिना मजबूत असून थरथरू शकतो. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, धावत उतरताना जास्त. जिन्याची स्वतःची लय त्याच्याशी जुळली की पायाखाली हलल्यासारखं वाटतं. तेव्हा जाड पट्टी वजनासाठी नव्हे, तर या थरथरीसाठी घालावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फरशीचा. वरच्या मजल्याची फरशी आणि तिच्याखालचा मसाला धरून ४० मिलिमीटर मोजायचे राहिले, तर शेवटचा चढ १७५ऐवजी २१५चा होतो, आणि वर पोचता पोचता माणूस हमखास अडखळतो. सिमेंटच्या सरळ जिन्यात गवंडी असा फरक पायऱ्यांमध्ये थोडा थोडा वाटून घेतो. इथे पट्ट्या कधीच कापून झालेल्या असतात. म्हणून मुरलेला फॅब्रिकेटर फरशी बसल्याशिवाय अंतिम माप घेत नाही. घाई असेल, तर तयार फरशीची लेव्हल मालकाकडून लेखी घेतो आणि मगच प्लेट कापायला काढतो.