‘मान्य आहे’ दाबलं म्हणजे सगळं दिलं का?

ॲपवर एकदा ‘मान्य आहे’ दाबलं की आपली माहिती कंपनीची झाली, पुढे कायदा काय करणार, असं अनेकांना वाटतं. हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला; २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यानंतरचा. त्यातली संमती म्हणजे कोऱ्या कागदावरची सही नव्हे. सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती चालते. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादीही मागितली आणि ग्राहकाने होकार दिला, तरी यादीपुरता तो होकार धरला जात नाही, कारण सल्ल्यासाठी यादी लागतच नाही. अटी कोणी वाचत नाही, मग संमतीला अर्थ काय, या आक्षेपाला इथेच उत्तर मिळतं. न वाचता दिलेल्या होकारालाही मर्यादा आहे, आणि तो जितक्या सहज दिला तितक्याच सहज मागे घेता आला पाहिजे.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे म्हणणंही टिकत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपच्या हाती संपर्कयादी लागली की वसुलीवाले कर्जाशी संबंध नसलेल्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना छळतात. त्यांनी काय लपवलं होतं? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा ॲपना संपर्कयादी उघडायला मनाई केली, ती उगाच नव्हे.

मात्र कायदा झाला म्हणजे आपण निर्धास्त, हा उलट गैरसमजही तितकाच घातक. माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. शिवाय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राला कोणत्याही सरकारी यंत्रणेला यातून वगळता येतं. देशाच्या सुरक्षेसाठी माहिती लागते, हे मान्य. पण डेटा संरक्षणासाठी केंद्राने नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात अशा सवलतीला स्वतंत्र कायदा, गरज आणि प्रमाण यांची अट होती. ती गाळणं ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं मे २०२७ पासून लागू होतील. तेव्हापासून संमतीची सूचना मराठीतून मागा, तो तुमचा हक्क असेल. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, दाद मिळाली नाही तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे जा.