रोलरचा जबाब

रस्ता खराब झाला म्हणजे आपल्याकडे पहिला आरोप डांबरावर येतो, दुसरा कंत्राटदारावर आणि तिसरा पावसावर. परंतु ज्या मातीच्या, मुरुमाच्या व खडीच्या थरांवर ते डांबर अंथरलेले असते त्यांची दबाई यथास्थित झाली होती की नाही, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, आणि विचारलाच तर त्याचे खात्रीलायक उत्तर देणारा कागद दप्तरात बहुधा सापडत नाही. खडीचे ब्रास मोजता येतात, डांबराची पिंपे मोजता येतात; दबाई मात्र पुढचा थर पडताक्षणी दृष्टीआड होते. अलीकडच्या काळात बांधकामाच्या यंत्रसामग्रीत जे बदल घडले त्यांत डोळे दिपवणारे पुष्कळ आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी समुद्रालगतचा बोगदा कोरणारे ‘मावळा’ नावाचे १२.१९ मीटर व्यासाचे यंत्र हे त्यांतलेच. पण रस्त्याच्या आयुष्याशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे असा बदल, माझ्या मते, त्या संथ व ओबडधोबड रोलरमध्ये झालेला आहे.

फोडलेल्या खडीच्या रस्त्यांचा आद्य पुरस्कर्ता जॉन मॅकॅडम याने १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची व्यवस्था हाती घेतली तेव्हा दबाईचे काम त्याने सरळ वाहतुकीवर सोपवले होते; गाड्यांच्या लोखंडी धावांखाली खडी आपोआप बसेल, असा त्याचा हिशेब होता. वाफेचा रोलर आला तो पुढे अर्ध्या शतकाने, आणि त्याच्या आरंभीच्या इतिहासात आपल्या देशाचेही नाव आहे, कारण कलकत्त्याचे अभियंते क्लार्क यांनी बर्मिंगहॅमच्या बाथो यांच्या साहाय्याने १८६३ च्या सुमारास जो वाफेचा रोलर योजला तो कलकत्त्याच्या रस्त्यांसाठीच होता. तरीही दबाई पुरेशी झाली हे ठरवण्याचे साधन म्हणजे मुकादमाची नजर आणि त्याच्या बुटाची टाच, एवढेच राहिले.

या कामाला शास्त्राची बैठक दिली ती लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातील राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने, १९३३ मध्ये. माती फार कोरडी असेल तर तिचे कण एकमेकांना अडून बसतात, फार ओली असेल तर पाणीच जागा अडवून ठेवते, आणि या दोहोंच्या दरम्यान एक असा ओलावा असतो की ज्याला तेवढ्याच ठोक्यांत माती सर्वाधिक घट्ट बसते, हे त्याने दाखवून दिले. ही परीक्षा आजही बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळांत चालते: १,००० घन सेंटिमीटरचा लोखंडी साचा, २.६ किलोचा हातोडा, ३१० मिलिमीटर उंचीवरून पडणारा, मातीचे तीन थर आणि प्रत्येक थराला २५ ठोके. महामार्गासारख्या जड कामासाठी हातोडा ४.९ किलोचा, उंची ४५० मिलिमीटर आणि थर पाच. यातून जी महत्तम घनता मिळते तिच्या निदान ९५ टक्के घनता भरावाला आणि ९७ टक्के घनता वरच्या तळथराला आली पाहिजे, असा राष्ट्रीय महामार्गांच्या कामाचा दंडक आहे.

ती प्रत्यक्ष जागेवर आली की नाही हे पाहण्याची रीत मोठी साधी आहे. दाबलेल्या थरात छिन्नी-हातोडीने वीतभर खड्डा घ्यायचा, निघालेली माती कणही न सांडता पिशवीत भरून तोलायची, मग त्या खड्ड्यात नळकांड्यातून चाळलेली, वजन ठाऊक असलेली वाळू सोडायची आणि किती वाळू मावली त्यावरून खड्ड्याचे घनफळ काढायचे. पद्धत निर्दोष आहे. तिचा दोष एवढाच की एक खड्डा शेकडो चौरस मीटरांची ग्वाही देतो, आणि तो कोठे घ्यायचा हे ठरवणारा मनुष्य असतो. चांगली जागा कोणती, हे कंत्राटदाराच्या माणसाला ओव्हरसियरपेक्षा अधिक ठाऊक असते, हे सांगण्यासाठी खात्यात नोकरी केलेली असण्याची गरज नाही.

या अडचणीवरचा तोडगा स्वीडनमध्ये निघाला. तेथील महामार्ग खात्यातील हाइन्झ थुर्नर यांनी १९७४ मध्ये एका पाच टनी कंपनशील रोलरच्या रुळावर कंपन मोजणारा संवेदक बसवून पाहिला. अशा रोलरच्या रुळात एक असंतुलित वजन मिनिटाला सुमारे दोन हजार वेळा गरगरा फिरत असते आणि त्यामुळे रूळ जमिनीला सतत ठोसे देत पुढे सरकतो. खालची जमीन मऊ असेल तर ती हे ठोसे निमूटपणे गिळते आणि रुळाचे कंपन सुरळीत, एकसुरी राहते. जमीन जसजशी कठीण होत जाते तसतशी ती उलट ठोसा देऊ लागते, आणि मूळ कंपनात दुप्पट वेगाचे दुसरे कंपन मिसळते. या दोन कंपनांच्या प्रमाणावरून जमिनीच्या ताठरपणाचा अंक काढता येतो. म्हणजे जे यंत्र दबाई करते तेच प्रत्येक पावलागणिक तिची परीक्षाही घेते, तीही वरच्या थरापुरती नव्हे, कारण हे ठोसे खाली सुमारे मीटरभर पोचतात आणि तेथली एखादी जुनी विहीर बुजवल्याची पोकळ जागादेखील अंकात उमटते.

यात उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची भर पडली आणि चित्र पूर्ण झाले. आजच्या अशा रोलरवर चालकापुढे एक पडदा असतो; रस्त्याचा नकाशा त्यावर लहान-लहान चौकटींत विभागलेला असून कोणत्या चौकटीवर किती फेऱ्या झाल्या, ताठरपणा किती आला, हे रंगांनी दिसते. एरवी हा चालक रस्त्याच्या कडेपासून मध्याकडे सरकत, मागच्या पट्टीवर थोडी पट्टी चढवत, ताशी पाच किलोमीटरच्या आत वेग ठेवून काम करतो, आणि रात्रपाळीत, धुळीत, कोणत्या पट्टीवर कितवी फेरी चालू आहे हे त्याने निव्वळ स्मरणाने सांभाळावे अशी आपली अपेक्षा असते! कमी दबाईप्रमाणे अतिदबाईही घातक, कारण खालचा थर कठीण झाल्यावरही ठोसे चालू राहिले तर रूळ उड्या मारू लागतो आणि खडीचा चुरा होतो. तेथे थांबण्याची सूचनाही पडदा देतो.

डांबरी थराच्या बाबतीत प्रश्न उष्णतेचा आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० डांबराचे मिश्रण अंथरताना निदान १४० अंश सेल्सियस आणि दबाईच्या वेळी निदान ९० अंश असले पाहिजे. त्याखाली गेलेल्या मिश्रणावर रोलर दिवसभर फिरवला तरी आतील पोकळ्या मिटत नाहीत, आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथे पाणी शिरते. लांबून आलेल्या डंपरमध्ये वरचा आणि कडेचा माल आधी निवतो, पेव्हरमधून तो तसाच थंड पट्ट्यांनी बाहेर पडतो, आणि नुसत्या डोळ्यांना सगळा थर सारखाच काळा दिसतो. पेव्हरच्या पाठीशी बसवलेला अवरक्त किरणांचा कॅमेरा हे थंड डाग तत्क्षणी दाखवतो. रुळाला डांबर चिकटू नये म्हणून पाण्याऐवजी डिझेल शिंपडण्याची जी वाईट खोड काही ठिकाणी आढळते, तिला मात्र कोणत्याही कॅमेऱ्याचा इलाज नाही.

आपल्या देशात केंद्रीय रस्ते मंत्रालयाने या यंत्रांचा प्रयोग लखनौ-कानपूर द्रुतगती मार्गावर केला आहे, आणि त्याची निकड कामाच्या वेगामुळेही वाढली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला व त्याची गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण या गतीपुढे खड्डे घेऊन वाळू तोलणारी परीक्षा कशी पुरी पडणार?

तथापि यंत्राचा अंक म्हणजे घनता नव्हे, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातील काळी रेगड एप्रिलच्या उन्हात कोरडीठाक असताना उत्तम ताठरपणा दाखवील आणि तीच आषाढात फुगून मऊ पडेल. म्हणून अंकाबरोबर ओलाव्याची नोंद हवी, आणि प्रत्येक कामाच्या आरंभी नमुन्याच्या पट्टीवर खड्डे घेऊन यंत्राचा अंक पडताळून पाहावा लागतो. शिवाय हे रोलर महागडे आहेत. तालुक्याच्या रस्त्यावर भाड्याच्या जुन्या तीनचाकी रोलरने काम करणाऱ्याला ते परवडणारे नाहीत. तेथे अंतर्गत रस्त्यांसाठी जिल्ह्याने एखादे यंत्र खरेदी करून फिरते ठेवणे हाच मार्ग मला दिसतो.

भारतीय रस्त्यांच्या शास्त्रशुद्ध व्यवस्थेचा पाया घालणाऱ्या १९२७ च्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, आणि तिच्या शिफारशींतूनच पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. निधी, नियम, संशोधन यांची तजवीज त्या परंपरेने केली. कामाच्या साक्षीची तजवीज आता यंत्राने केली आहे. दबाईचा रंगीत नकाशा मूळ स्वरूपात, दुरुस्तीला वाव न ठेवता, मोजमाप पुस्तकासोबत दाखल झाल्याखेरीज पुढच्या थराचे देयक मंजूर होऊ नये, असा नियम प्रत्येक निविदेत घालावयास हवा. तोवर वाचकांनी एवढे जाणून असावे की २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला सरकारी कामाची पाहणी करण्याचा, वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि यंत्रात साठवलेली नोंद त्याच स्वरूपात मागण्याचा हक्क दिलेला आहे; आपल्या गावाच्या रस्त्याचे काम निघेल तेव्हा तो अवश्य बजावावा.