यंत्र बोलले, पण ऐकले किती जणांनी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात 'काडा' या रेडिओ केंद्रावर 'थाय' नावाची एक निवेदिका रुजू झाली. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी अकरा ते दुपारी तीन, ती गाणी सादर करी. तिला कोणी पाहिले नव्हते. पण रेडिओवरच्या माणसाला पाहतो कोण? एप्रिल २०२५ मध्ये उघड झाले, की थाय नावाची निवेदिका मुळी नाहीच. मालक कंपनीच्या हिशेब विभागातील एका कर्मचाऱ्याच्या आवाजाचा नमुना घेऊन, 'इलेव्हनलॅब्ज' या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तो आवाज घडवला होता. बातमीसोबत एक आकडाही छापून आला : कार्यक्रमाचे श्रोते किमान ७२,०००.

यंत्राने बोलावे यात आता फारसे नवल उरलेले नाही. गाण्यांची यादी संगणकाकडे असतेच. दोन गाण्यांच्या मधले चार शब्द भाषेचे एक प्रारूप लिहून देते आणि आवाजाचे दुसरे प्रारूप ते वाचून दाखवते. अमेरिकेत पोर्टलंड येथील 'लाइव्ह ९५.५' या केंद्राने जून २०२३ मध्ये अॅशली एल्झिंगा या निवेदिकेच्याच आवाजाची प्रतिकृती काही वेळासाठी वापरली, आणि तसे श्रोत्यांना उघड सांगितलेही. आम्हांला खरे कुतूहल आहे ते त्या ७२,००० चे. एवढ्या लोकांनी यंत्र ऐकले आणि कोणाची तक्रार नाही, म्हणजे माणसाची गरज नाही, असा निष्कर्ष या आकड्यावरून काढण्याचा मोह होतो. आकडा तेवढे सांगू शकतो का, हे तपासायचे तर तो कसा तयार होतो ते आधी पाहायला हवे.

वर्तमानपत्राचे खप मोजता येतात, सिनेमाची तिकिटे मोजता येतात. रेडिओचे तसे नाही. प्रक्षेपकातून निघालेल्या लहरी कोणत्या घरातील संचाने पकडल्या याची खबर केंद्राकडे परत येत नाही. इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांची नोंद ठेवता येते, पण साध्या एफ.एम. संचाची नाही. त्यामुळे थोड्या लोकांना विचारून सर्वांविषयी अंदाज बांधावा लागतो.

विचारण्याची जुनी पद्धत डायरीची. निवडलेल्या माणसाने आठवडाभर, कोणते केंद्र किती वेळ ऐकले ते लिहून ठेवायचे. आता तुम्हीच सांगा, रोजची नोंद रोज कोण लिहितो? आपले विद्यार्थी निसर्गनिरीक्षणाची वही जशी शेवटच्या दिवशी भरतात, तशीच ही डायरीही बरेचदा आठवून भरली जाते. मग ज्या निवेदकाचे नाव तोंडी असते त्याच्या केंद्राला झुकते माप मिळते, आणि दुकानात उभे असताना कानावर पडलेले केंद्र विसरले जाते.

हा दोष काढण्यासाठी अमेरिकेतील 'आर्बिट्रॉन' कंपनीने पेजरएवढे एक यंत्र तयार केले. ते कमरेला लावून हिंडायचे, बस्स. २००७ मध्ये फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टन या शहरांची मोजणी त्यावर सुरू झाली. (आर्बिट्रॉन पुढे २०१३ मध्ये 'नील्सन' कंपनीने विकत घेतली.) त्यामागील विज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे. रात्री निजानीज झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. कुकरची शिट्टी वाजत असताना ती ऐकू येत नाही. टिकटिक थांबलेली नसते. मोठ्या आवाजाने, विशेषतः जवळच्याच वारंवारतेच्या आवाजाने, लहान आवाज झाकला जातो. याचा उपयोग करून केंद्र आपल्या कार्यक्रमातच साधारण १००० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात बारीक सांकेतिक सूर मिसळते. गाण्याच्या आड ते आपल्या कानाला कळत नाहीत, पण कमरेच्या यंत्राला कळतात आणि ते केंद्राची ओळख टिपून घेते.

मात्र लपायला आडोसा लागतो. ढोल, गिटार, भरघोस वाद्यमेळ असेल तर संकेताला भरपूर जागा असते. संथ वादन चालू असेल, किंवा बोलणारा माणूस क्षणभर थांबला, तर संकेत झाकायला काही उरत नाही. मग तो क्षीण ठेवावा लागतो आणि यंत्राला तो सापडेलच असे नाही. म्हणजे एखादा श्रोता मन लावून ऐकत आहे आणि मोजणीत तो नाही, असे घडू शकते. ही नुसती शंका नव्हती. २०१४-१५ च्या सुमारास 'व्होल्टेअर' नावाचे, हा संकेत ठळक करणारे उपकरण बाजारात आले आणि अनेक केंद्रांनी ते विकत घेतले. त्यावरून बराच वाद झाला आणि २०१५ मध्ये नील्सनलाही आपली संकेतपद्धत सुधारून घ्यावी लागली. कार्यक्रम तोच, श्रोते तेच, आणि आकडा वाढावा म्हणून उपकरण! वजनकाट्याच्या पारड्याला अंगठा लावण्याचाच हा प्रकार, असे आम्हांला वाटते.

शिवाय 'ऐकले' कशाला म्हणायचे, हेही ठरवावे लागते. अमेरिकेतील या मोजणीत पंधरा मिनिटांच्या एका भागात निदान पाच मिनिटे ऐकले तर तो भाग ऐकला असे धरत. २०२५ च्या आरंभापासून ही अट तीन मिनिटांवर आणली. एकाही माणसाने रेडिओ अधिक ऐकला नाही तरी आकडे वाढणार, हे उघड आहे.

सिडनीसारख्या शहरांत २०२३ पासून डायरी, मनगटी घड्याळासारखे मापक आणि इंटरनेटवरील नोंदी यांची सांगड घालतात. पद्धत कोणतीही असो, नमुन्याचा प्रश्न सुटत नाही, आणि लहान केंद्रांना खरा चिमटा तेथेच बसतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, ५० लाख वस्तीच्या शहरातून १००० माणसे निवडली. त्यातील प्रत्येक जण ५००० लोकांचा प्रतिनिधी झाला. एका लहान केंद्राचे श्रोते २ टक्के आहेत, म्हणजे नमुन्यात २० जण मिळावेत. पण नेमके २० मिळतीलच असे नाही. अशा मोजणीतला चढउतार ढोबळमानाने त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. २० चे वर्गमूळ सुमारे साडेचार; त्याची दुप्पट ९. म्हणून १०० पैकी साधारण ९५ वेळा उत्तर ११ ते २९ च्या दरम्यान येईल. शहराच्या भाषेत सांगायचे तर ५५,००० ते १,४५,००० ! खरे श्रोते एक लाखच आहेत आणि ते जागचे हललेलेही नाहीत.

आता या केंद्राने निवेदकाच्या जागी यंत्र बसवले आणि दहा टक्के श्रोते कंटाळून निघून गेले. नमुन्यात २० चे १८ झाले. ९ च्या चढउतारात २ चा फरक कसा दिसणार? दोन वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना करून हा फरक खात्रीने दिसायचा, तर केंद्राचे सुमारे ८०० श्रोते नमुन्यात यावे लागतील, म्हणजे एकूण ४०,००० माणसे निवडावी लागतील. (वरिष्ठ विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे : क श्रोत्यांमधील एक दशांश घट २ × √(२क) पेक्षा मोठी हवी.) तीच माणसे पुन्हा तपासली तर थोड्यांत भागेल, पण हजारांत भागणे कठीण. तेव्हा 'श्रोते घटले नाहीत' आणि 'घट आम्हांला दिसली नाही' ही दोन निरनिराळी विधाने आहेत.

पोलंडमधील 'ऑफ रेडिओ क्राकुफ' या वाहिनीची गोष्ट याहून बोचरी आहे. २०२४ मध्ये तेथील निवेदकांचे करार संपवण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये तीन कृत्रिम निवेदक आणले गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणाला काढले नाही, वाहिनीचे श्रोते जवळजवळ शून्य होते, असे संचालकांचे म्हणणे होते. २०१२ मध्ये दिवंगत झालेल्या नोबेल विजेत्या कवयित्री विस्लावा शिम्बोर्स्का यांची 'मुलाखत'ही यंत्राने घडवून प्रसारित केली. मातेउश देम्स्की या माजी निवेदकाच्या निषेधपत्रावर हजारो लोकांनी सह्या केल्या, आणि तीन महिने चालायचा प्रयोग आठवडाभरात आटोपला. दरम्यान श्रोते आठ हजारांवर गेल्याचे संचालकांनी सांगितले. जाणारच. गावात दोन डोक्यांचे वासरू जन्मले तर गर्दी होते. ती दुधासाठी नसते.

'जवळजवळ शून्य' या शब्दांवरही थोडे थांबू. हजार जणांना विचारले आणि एकही श्रोता सापडला नाही, तरी खरे प्रमाण हजारी तीनपर्यंत असू शकते, असा संख्याशास्त्राचा एक सोपा नियम आहे. क्राकुफसारख्या आठ लाख वस्तीच्या शहरात हजारी तीन म्हणजे २४०० माणसे. एवढ्यांनी एखादे सभागृह सहज भरेल. अशा केवळ नमुन्यावर आधारलेल्या शून्यावर कोणाची नोकरी जात असेल, तर त्याने आकडा कसा काढला हे विचारायलाच हवे.

सिडनीत श्रोत्यांना सहा महिने काही सांगितलेच नव्हते, म्हणून त्यांचे ऐकणे हा यंत्राला दिलेला कौल नव्हे. क्राकुफला सांगितले होते, म्हणून तेथे कुतूहलाची गर्दी झाली. दोन्हींना प्रयोग म्हणणे अवघड आहे. खरा प्रयोग करायचा तर इंटरनेटवरच्या श्रोत्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, दोघांनाही कार्यक्रमात काय आहे ते सांगावे, तीच गाणी एका गटाला माणसाच्या आणि दुसऱ्याला यंत्राच्या निवेदनासह ऐकवावीत, आणि नव्याची नवलाई ओसरेपर्यंत, निदान काही महिने, वाट पाहावी.

आपल्याकडे २००७ पासून 'रॅम' या नावाने दिल्ली, मुंबई आणि बंगळूर येथे डायरीने मोजणी सुरू झाली, शहरागणिक ४८० जणांची. मुंबईची लोकसंख्या एक कोटीच्या वर. पुणे, नागपूर, कोल्हापूर त्या यादीत नव्हतेच. म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारख्या सामुदायिक केंद्राची तर गोष्टच वेगळी.

हा ४८० चा खेळ वर्गात सहज करता येतो. दोन किलो ज्वारी घ्यावी. त्यातील प्रत्येक पन्नासात एक या प्रमाणात दाणे शाईने रंगवून, वाळवून पुन्हा मिसळावेत. (पन्नास दाण्यांचे वजन करून हे प्रमाण साधता येते, सगळे मोजत बसू नये.) प्रत्येक गटाने न पाहता ४८० दाणे काढावेत आणि रंगीत किती ते फळ्यावर लिहावे. सरासरी दहाच्या आसपास येईल, पण एखाद्या गटाला सहा आणि शेजारच्या गटाला चौदा मिळाले तर आश्चर्य मानू नये. ते आकडे तसेच फळ्यावर ठेवून मुलांना सांगावे, की यांतील प्रत्येक आकडा हे एकेक रेडिओ केंद्र आहे आणि सर्वांत कमी आकड्याच्या केंद्राचा निवेदक उद्यापासून घरी बसणार. त्यानंतर होणारी चर्चा शिक्षकांनी शक्यतो मध्ये न बोलता ऐकावी. दाणे मात्र नंतर जनावरांना घालू नयेत, शाई लागलेली असते.