प्रश्नाला हक्काची जागा : संगणक वापरकर्त्यांची मंडळे आणि त्यांच्या बैठका

संगणकाच्या इतिहासावरील ग्रंथ प्रामुख्याने यंत्रांची, कंपन्यांची आणि त्यांच्या संस्थापकांची हकिकत सांगतात. परंतु विकत आणलेले यंत्र सामान्य माणसाच्या अंगवळणी कसे पडले, हे समजून घ्यायचे असेल तर ‘युजर ग्रुप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वापरकर्त्यांच्या मंडळांकडे वळावे लागते. एका शहरातील संगणक वापरणाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी ग्रंथालयाच्या किंवा शाळेच्या सभागृहात जमावे, एकाने काही करून दाखवावे, इतरांनी आपापल्या अडचणी मांडाव्यात आणि ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला मोबदल्याविना शिकवावे, एवढेच या मंडळांचे स्वरूप होते.

या प्रथेचे मूळ घरगुती संगणकाच्याही आधीचे आहे. १९५५ साली आयबीएमचे प्रचंड संगणक वापरणाऱ्या, मुख्यतः लॉस एंजेलिस परिसरातील विमान उद्योगाशी संबंधित संस्थांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापन केली. प्रत्येकाने तेच ते प्रोग्राम नव्याने लिहिण्यात वेळ दवडण्यापेक्षा लिहिलेले एकमेकांना द्यावे, असा तिचा व्यवहारी हेतू होता. मात्र ती संस्थांची संघटना होती. व्यक्तीला तिथे स्थान मिळे ते ती नोकरी करीत असलेल्या संस्थेमुळे.

व्यक्तींचे मंडळ शक्य झाले ते ‘अल्टेअर ८८००’ या यंत्रामुळे. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला हा संगणक सहसा सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडावा लागे. त्याला कळफलक नव्हता, पडदा नव्हता आणि मूळ संचातील स्मृती अवघी २५६ बाइट, म्हणजे जेमतेम दोन-तीन वाक्ये मावतील एवढी होती. दर्शनी पट्टीवरील खटके वरखाली करून एकेक आज्ञा आत घालायची आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर वाचायचे, अशा यंत्राचे पुढे करायचे काय, हे एकट्याने उमगणे कठीण होते. त्याच वर्षी ५ मार्च रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये, फ्रेड मूर यांच्यासह त्यांनी बोलावलेली बैठक भरली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. पुढच्याच महिन्यातील एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पिअर यांनी आपला अल्टेअर आणून खटक्यांनी प्रोग्राम भरायला घेतला. मध्येच कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला आणि भरलेले सारे पुसले गेले, कारण वीज जाताच या यंत्राची स्मृती कोरी होई. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून प्रोग्राम भरला आणि शेजारी ठेवलेल्या साध्या रेडिओतून बीटल्सच्या गाण्याची चाल ऐकू येऊ लागली. संगणकातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे रेडिओत जी खरखर होते, तीच त्यांनी सुरांत बांधली होती. माहितीपुस्तिकेत नसलेली ही करामत त्या संध्याकाळी खोलीतल्या प्रत्येकाच्या मालकीची झाली.

या क्लबचे खरे योगदान मात्र यंत्रापेक्षा सभेच्या रचनेत आहे, आणि त्याचे श्रेय ली फेल्सेन्स्टाइन यांना द्यावे लागते. त्यांच्या सूत्रसंचालनाखाली बैठकीचे मुख्य भाग दोन असत. पहिल्या भागात ज्याला हवे त्याने हात वर करून आपल्यापाशी काय आहे, आपल्याला काय हवे आहे आणि आपले घोडे कुठे अडले आहे, हे थोडक्यात सांगायचे; चर्चा तेव्हा नाही. दुसऱ्या भागाला ‘रँडम ॲक्सेस’ म्हणत. संगणकाच्या स्मृतीतील कोणत्याही घरात, आधीची घरे न ओलांडता, थेट पोहोचण्याच्या सोयीला हे नाव आहे. इथे त्याचा अर्थ असा की प्रत्येकाने आपल्या उपयोगाचा माणूस गाठून त्याच्याशी थेट बोलावे. अडचण चारचौघांत सांगणे हा इथे कमीपणा नव्हता, तर बैठकीच्या कामकाजाचाच भाग होता. पुस्तिका लिहिणाऱ्याला यंत्र काय करते ते ठाऊक असते, पण वाचणारा नेमका कुठे अडखळेल हे त्याला दिसत नाही. ते दिसते फक्त दुसऱ्या अडखळलेल्याला. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी पुढे ‘ॲपल-१’ म्हणून विकल्या गेलेल्या संगणकाचे आराखडे याच सभेत फुकट वाटले, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

या देवाणघेवाणीला मर्यादा कोणती, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. अल्टेअरसाठीच्या ‘बेसिक’ या संगणकीय भाषेच्या छिद्रित कागदी फिती क्लबमध्ये हातोहात नकलून वाटल्या जात होत्या. त्यावर फेब्रुवारी १९७६ मध्ये, ते ‘बेसिक’ लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि या नकलांना चोरी ठरवले. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या श्रमाचे मोल मागणारे ते पत्र अन्यायाचे नव्हते. दुसरीकडे, ‘टायनी बेसिक’ या लहानशा आवृत्त्या हौशी लोकांनी स्वतः लिहून, आज्ञावलीसह, सर्वांसाठी छापून टाकल्या, आणि तेही तितकेच सचोटीचे उत्तर होते.

होमब्रूची बैठक पंधरवड्याने भरे. नंतरच्या बहुतेक मंडळांनी महिन्याचा नेम धरला. १९७७ मध्ये अवघ्या तेरा वर्षांच्या जोनाथन रोटेनबर्ग याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी’ची सदस्यसंख्या पुढे ३०,००० च्या वर गेली, आणि जानेवारी १९८४ मध्ये स्टीव्ह जॉब्स नवा मॅकिन्टॉश घेऊन तिच्या सभेपुढे आले. एवढ्या मोठ्या मंडळात एकमेकांना ओळखणे अशक्य असल्याने विशिष्ट यंत्र किंवा विषय धरून उपगट पाडले जात. सभागृहाच्या एका टेबलावर फ्लॉपींचे ग्रंथालय मांडणे ही अशा मंडळांची नेहमीची रीत होती. लेखकाने हक्क सोडलेले प्रोग्राम, तसेच आधी वापरून पाहा आणि पसंत पडल्यास पैसे पाठवा या तत्त्वावरील ‘शेअरवेअर’, फ्लॉपीच्या किमतीपेक्षा थोडे जास्त घेऊन तिथे मिळत.

भारतात या परंपरेला खरा बहर आला तो लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीमुळे. टेलिफोनवरून संथ गतीने चालणाऱ्या इंटरनेटवर शेकडो मेगाबाइट उतरवून घेणे परवडण्यासारखे नव्हते, तेव्हा पुणे, मुंबई, बंगळूर, चेन्नई येथील लिनक्स मंडळांच्या बैठकांत सीडी हातोहात फिरत. अशा मंडळांच्या ‘इन्स्टॉल फेस्ट’ला लोक घरचा सीपीयू उचलून आणीत आणि डिस्कवरील विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स कसे बसवायचे, हे जाणत्याच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी करीत. एक चूक झाली तर घरातला सगळा हिशेब आणि पत्रव्यवहार पुसला जाईल, ही भीती अशा सोबतीनेच जाई.

वेबवर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर शोधता येऊ लागले तशी ही मंडळे ओसरली. होमब्रू १९८६ मध्येच थांबला होता, बॉस्टनची सोसायटी १९९६ मध्ये विसर्जित झाली. अमेरिकेत जी टिकली आहेत त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा असून फसवे ईमेल, पासवर्डची निगा आणि फोनमधील छायाचित्रांचे जतन हे त्यांचे विषय आहेत. २०२० च्या साथीत अनेक मंडळे झूमवर गेली, त्यामुळे प्रवास न झेपणारे सदस्य पुन्हा जोडले गेले, हा लाभ मोठाच आहे. फेल्सेन्स्टाइन यांच्या रचनेतील पहिला भाग, एकेकाने हात वर करून बोलण्याचा, पडद्यावर व्यवस्थित चालतो. दुसऱ्या भागाला मात्र एका वेळी एकच आवाज ऐकवणारा पडदा पुरत नाही, म्हणून काही मंडळांनी झूम चालू ठेवूनही सभागृहाची खोली सोडलेली नाही.