सूची उघडी, पोथी आत

कारंज्याच्या श्रोत्यांस भांडार म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. येथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादुर हिरालाल यांच्या सूचीत १९२६ साली नागपुरास छापली गेली. पोथ्या कपाटातच राहिल्या, पण त्यांची नावे विद्वानांस कळली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. सूची सर्वांस खुली, कपाटाची किल्ली मात्र भांडाराच्या व्यवस्थेकडे, हा भेद संगणकावर माहिती ठेवताना आपण पुष्कळदा विसरतो.

वेब सर्व्हर हा एक सदैव जागा असलेला कारकून समजा. त्याला एक फोल्डर नेमून दिलेला असतो. त्यातील ज्या फाइलीचे नाव कोणी घेईल ती तो मुकाट्याने हवाली करतो. मागणारा कोण, हे तो आपण होऊन विचारीत नाही. एखाद्या पतसंस्थेने सभासदांची यादी, आधार क्रमांकांसह, त्याच फोल्डरात ठेवली आणि 'पानावर दुवाच दिलेला नाही, मग कोणास दिसणार?' म्हणून निश्चिंत राहिली, तर ती फसली. 'सभासद', 'बॅकअप' अशी नावे अंदाजाने मागून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस हिंडत असतात. कित्येक जण 'रोबोट्स' नावाच्या फाइलीत ती जागा लिहून शोधयंत्रांस मनाई करतात. पण ही फाइल कोणासही वाचता येते! 'येथे तिजोरी आहे, पाहू नये' अशी पाटी दारावर लावावी, तसेच हे.

आमच्या मते खरा उपाय एकच: फाइल त्या फोल्डराच्या बाहेर ठेवावी. मध्ये एक प्रोग्राम असावा. त्याने सभासदाची ओळख पटवून घ्यावी, स्वतः आत जावे आणि त्याच्यापुरती एक ओळ आणून द्यावी. फाइल हलविणे शक्यच नसेल तर त्या फोल्डराची मनाई अपाचेसारख्या सर्व्हरला लेखी द्यावी. मात्र सर्व्हर बदलला की ही आज्ञा निरुपयोगी ठरू शकते.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयक कायद्यात सुरक्षेची हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परीक्षा त्या मानाने फुकट आहे. दुसऱ्याच्या फोनवरून, लॉग-इन न करता, फाइलीचा पूर्ण पत्ता टाइप करावा. ४०३ किंवा ४०४ हा आकडा आला तर ठीक. फाइल उघडली तर ती तत्काळ काढावी आणि कोणत्या दिवशी, कोणत्या पत्त्यावरून ती नेली गेली, हे सर्व्हरच्या नोंदवहीत पाहून सभासदांस कळवावे.